'टक्' असा आवाज कुठून येतो? : यूएसबी ऑडिओ इंटरफेसचा इतिहास

आजचा विषय ज्या वस्तूबद्दल आहे ती इथे टेबलावर ठेवली आहे, थोड्या वेळाने मागच्या रांगेपर्यंत फिरवू. तळहाताहून जराशी मोठी डबी, पुढे माइक लावायच्या दोन जागा, तीन-चार बटणं, मागून निघणारी यूएसबीची एक वायर. 'पेटी' म्हणत नाही, कारण या सभागृहात पेटी म्हटलं की हार्मोनियमच आठवेल. (हशा) घरी गाणं रेकॉर्ड करणारे, पॉडकास्ट करणारे, जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून ठेवणारे, या सगळ्यांकडे ही डबी असते. तिचं नाव ऑडिओ इंटरफेस. दुकानात मात्र आजही तिला 'साउंड कार्ड' म्हणतात. नाव चुकीचं आहे, पण चुकीची नावं इतिहास शोधणाऱ्याला फार कामाची असतात.

मला जे म्हणायचं आहे ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही डबी वापरताना येणाऱ्या अडचणी तुम्हाला ठाऊक आहेत. मधेच 'टक्' असा आवाज येतो. स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो. गाणं वाजवलं तर पट्टीच बदललेली. संगणक बदलला की ड्रायव्हर सापडत नाही. गाणारा माणूस समजतो, आपल्याला यातलं काही कळत नाही. पण या प्रत्येक अडचणीला एक जन्मसाल आहे. कुणीतरी त्या वर्षी एक निर्णय घेतला, आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे कारणही बरं होतं. ते साल आणि ते कारण कळलं, की दुरुस्ती कुठे शोधायची हेही कळतं.

तर साउंड कार्ड. १९८० च्या दशकातला पीसी कचेरीसाठी बनवलेला होता. त्याच्या आत एक लहानसा स्पीकर असायचा, तो 'बीप' करायचा, तेवढंच त्याचं संगीत. १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिब या कंपनीने यामाहाची चिप बसवलेलं कार्ड आणलं आणि संगणकातले खेळ सुरात वाजू लागले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं. त्यात माइक लावायची सोय होती, म्हणजे आवाज बाहेर जायचा तसा आतही यायला लागला.

हे कार्ड संगणक उघडून आतल्या खाचेत बसवायचं. खरी गंमत त्यानंतर. कार्डाला संगणकाचं लक्ष वेधून घ्यायला एक घंटी लागते, तिला इंटरप्ट म्हणतात. कचेरीत साहेबाच्या टेबलावर मोजक्याच घंट्या असाव्यात, तशा या मोजक्याच. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरची नेहमीची घंटी होती ७ नंबरची, आणि तीच प्रिंटरच्या पोर्टाचीही. दोघांनी एकदम वाजवली की साहेब गोंधळणार. मग कार्डावरची छोटी टोपी काढून दुसऱ्या पिनांवर बसवायची, आणि संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहायचं : पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. त्या काळात संगणक वापरलेल्यांना हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतील.

आणि एवढं करून आवाज कसा यायचा? खरखरीत. माइकमधून येणारा विद्युतप्रवाह अगदी दुबळा असतो आणि तुम्ही त्याला पॉवर सप्लाय, पंखा, हार्ड डिस्क यांच्या गर्दीत नेऊन बसवलेलं. व्यावसायिक स्टुडिओंनी वेगळा रस्ता धरला. डिजिडिझाइनचं प्रो टूल्स १९९१ मध्ये आलं. त्यात मॅकमध्ये महागडं कार्ड बसायचं, पण माइकचा आवाज आकड्यांत बदलण्याचं काम बाहेरच्या डब्यात व्हायचं. म्हणजे हे काम संगणकाच्या पोटात करू नये हे तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं ते श्रीमंतांना, इतकंच.

आता यूएसबी. पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्दर्न टेलिकॉम अशा सात कंपन्यांनी मिळून केलेली. इंटेलकडून यात पुढे होते अजय भट्ट, आणि त्यांचं शिक्षण बडोद्याचं, महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं. बडोद्याचं नाव आलं की आपण मराठी माणसं जरा सरसावून बसतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. (हशा) २००९ मध्ये इंटेलने जाहिरात केली, त्यात भट्ट कचेरीत येतात आणि सगळे त्यांच्याकडे सिनेमाच्या नटाकडे बघावं तसे बघतात. फक्त पडद्यावर भट्ट नव्हते, त्यांच्या जागी खराच नट होता.

या सात नावांतलं शेवटचं नाव माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. नॉर्दर्न टेलिकॉम ही टेलिफोनवाली कंपनी. यूएसबीच्या मूळ दस्तऐवजात हे सगळं कशासाठी, याची जी कारणं दिली आहेत, त्यात संगणकाला टेलिफोनशी जोडणं हे एक कारण आहे. म्हणजे माउस, कीबोर्ड, प्रिंटर यांच्या बरोबरीने बोलणाऱ्या माणसाचा आवाजही या वायरमधून जावा, हे पहिल्या दिवसापासून ठरलं होतं. मात्र डोळ्यासमोर टेलिफोन होता, तानपुरा नव्हता.

आवाजासाठी त्यांनी वाहतुकीचा वेगळा प्रकार ठेवला. प्रिंटरकडे जाणारी माहिती रजिस्टर्ड पोस्टासारखी जाते. पोचपावती येते, नाही पोचली तर पुन्हा पाठवतात, उशीर झाला तरी चालतो. आवाजाची माहिती दूधवाल्यासारखी जाते. तो ठरल्या वेळी येतो, ठरलेलं माप घालतो आणि पुढच्या दारी जातो. वाटेत एखादी पिशवी फुटली तर परत फिरून येत नाही, कारण तोवर पुढच्या फेरीची वेळ झालेली असते. या प्रकाराला आयसोक्रोनस म्हणतात. नाव लक्षात ठेवू नका, दूधवाला लक्षात ठेवा. तुम्हाला ऐकू येणारं 'टक्' म्हणजे पुष्कळदा ही फुटलेली पिशवी असते. टेलिफोनवर एक पिशवी गेली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ख्यालाच्या आलापात ती दगडासारखी लागते.

हा दूधवाला दर मिलिसेकंदाला एक फेरी करतो, सेकंदाला १००० फेऱ्या. सीडीच्या दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यांना सॅम्पल म्हणतात. करा भागाकार. एका फेरीत ४४.१ सॅम्पल. आता सॅम्पलचा दहावा भाग काही पाठवता येत नाही. मग काय करतात, तर नऊ फेऱ्यांत ४४-४४ पाठवतात आणि दहाव्या फेरीत ४५. सरळ ४८,००० चा दर घेतला असता तर प्रत्येक फेरीत बरोबर ४८ बसले असते.

मग हा ४४,१०० असला वाकडा आकडा आला कुठून? ही गोष्ट मला फार आवडते. १९७० च्या दशकाच्या शेवटी एवढी माहिती साठवू शकेल असं स्वस्तातलं साधन म्हणजे व्हिडिओ टेप. म्हणून आवाजाचे आकडे चित्राचं सोंग देऊन व्हिडिओ टेपवर लिहायचे. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० अर्धचित्रं, प्रत्येकात वापरता येतील अशा २४५ ओळी, ओळीला ३ सॅम्पल. गुणाकार ४४,१००. युरोपच्या पद्धतीत ५० अर्धचित्रं, २९४ ओळी, ओळीला ३. पुन्हा ४४,१००. दोन्हीकडे जमणारा आकडा म्हणून तो सीडीत गेला आणि सीडीतून सगळीकडे. टेप गेली, सीडीही जवळजवळ गेली, आकडा राहिला. व्हिडिओच्या जगाने पुढे ४८,००० धरला. तुमच्या संगणकात हे दोन्ही संसार एका छपराखाली आहेत.

म्हणून पट्टी बदलते. ४४,१०० ला घेतलेलं गाणं संगणकाने ४८,००० समजून वाजवलं, तर ते नऊ टक्क्यांच्या आसपास जलद जातं आणि सूर साधारण दीड अर्धस्वर वर, म्हणजे पेटीवरच्या दीड पट्ट्या. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसतं, जिथे पेटीला पट्टीच नाही! गाण्याचा दर, इंटरफेसचा दर आणि ऑपरेटिंग सिस्टिममधला दर या तिन्ही जागी एकच आकडा आहे ना, एवढंच बघायचं. गळ्यात काही दोष नाही.

याहून खोल भानगड घड्याळाची आहे. इंटरफेसमध्ये एक स्फटिक असतो, त्याच्या ठोक्यावर सॅम्पल मोजले जातात. संगणकाचा स्फटिक वेगळा. दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा दोघांत दशलक्षात ५० भागांचा फरक आहे. ऐकायला काहीच नाही, पण एका तासाच्या मैफलीत तो ०.१८ सेकंद होतो. मग कुणाचं घड्याळ खरं मानायचं? मार्च १९९८ मध्ये यूएसबीवरच्या आवाजाचं प्रमाणपत्रक निघालं, त्याला ऑडिओ क्लास म्हणतात. त्यात वेगवेगळे पर्याय मोकळे ठेवले होते. एकात इंटरफेस संगणकाच्या चालीने आपली चाल बदलत राहतो. हे स्वस्तात होतं म्हणून सुरुवातीला बरेच जण तिकडे गेले. दुसऱ्यात इंटरफेस स्वतःच्या घड्याळावर ठाम राहतो आणि संगणकाला कळवतो, की बाबा थोडं जास्त पाठव, थोडं कमी पाठव. चांगले इंटरफेस आज या दुसऱ्या पद्धतीने चालतात. तबलजीने गायकाची लय सांभाळायची, की गायकाने तबल्यावर यायचं, असाच हा प्रश्न आहे.

यातूनच एक व्यवहारी गोष्ट निघते. दोन यूएसबी माइक एकाच संगणकाला लावून मुलाखत घेऊ नका. दोन माइक म्हणजे दोन स्फटिक. सुरुवातीला जुळलेले आवाज तासाभराने सुटतात. दोन साधे माइक एका इंटरफेसला लावा, म्हणजे घड्याळ एकच राहील. मॅकमध्ये दोन उपकरणं एकत्र बांधून फरक भरून काढायची सोय आहे, पण मुळात एकच घड्याळ असलेलं बरं.

१९९८ मध्ये ॲपलने आयमॅक आणला आणि जुनी पोर्टं काढून टाकून यूएसबी सक्तीची केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोला बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ ला यूएसबी स्कॅनर जोडला आणि भर सभेत निळा पडदा आला. लोक अजूनही ती चित्रफीत बघून हसतात. आपल्या विषयाला मात्र विंडोज ९८ मधली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्यात आवाज एकत्र करणारा एक थर घातला गेला, के-मिक्सर. खेळाचा आवाज, ईमेलची घंटा, गाणं, सगळं एकदम वाजावं म्हणून. सोय चांगलीच होती. पण त्यापायी सुमारे ३० मिलिसेकंदांचा उशीर आला. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंदांत दहा मीटर. स्वतःचा गळा दहा मीटरवर ठेवून गाऊन बघा!

याला उत्तर आधीच तयार होतं. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आसिओ नावाची पद्धत काढली होती. मधले सगळे थर टाळून रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर थेट इंटरफेसशी बोलतं. आजही विंडोजवर गाणं रेकॉर्ड करताना ड्रायव्हरच्या यादीत आसिओ निवडा असं जे सांगतात, ते यामुळे. आणि तिथेच बफरचा आकडा दिसतो : ६४, १२८, २५६, ५१२. बफर म्हणजे पाणी साठवायची टाकी समजा. टाकी मोठी असेल तर नळ क्षणभर गेला तरी घरात कळत नाही, पण पाणी उशिरा पोचतं. लहान असेल तर लगेच पोचतं, पण जरा खंड पडला की कोरडं. ४४,१०० च्या दराला २५६ चा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, आणि जाताना-येताना दोनदा. गाताना लहान ठेवा, नंतर मिक्सिंग करताना मोठा करा. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असेल तर ते दाबा, मग तुमचा आवाज संगणकात न जाता सरळ हेडफोनमध्ये येतो. एवढं एक बटण कळलं तरी निम्म्या लोकांची उशिराची तक्रार मिटावी असं मला वाटतं.

२००० नंतर ही डबी घराघरांत आली. २००२ मध्ये डिजिडिझाइनचा एमबॉक्स आला. दोन माइक, फोकसराइटने केलेले प्रीॲम्प, वीज यूएसबीतूनच, आणि सोबत प्रो टूल्सची छोटी आवृत्ती. पूर्वी जे नाव फक्त मोठ्या स्टुडिओत ऐकू यायचं ते गादीवर बसून वापरता येऊ लागलं. पण पहिल्या यूएसबीच्या वायरीत जागा फार कमी. एका आवाजवाहिनीला एका फेरीत जास्तीत जास्त १०२३ बाइट. दोन माइकचा २४ बिटी आवाज ४८,००० च्या दराने घेतला तर २८८ बाइट लागतात, मजेत बसतो. आठ माइक घेतले तर ११५२, बसत नाही. पूर्ण तबला-पखवाज-टाळ-वीणा असा भजनाचा ताफा वेगवेगळ्या माइकवर घ्यायचा असेल तर ही वायर पुरत नव्हती.

ती जागा काही वर्षं फायरवायरने भरली. २००१ मध्ये मोटू कंपनीचा ८२८ आला, तो फायरवायरवरचा पहिला इंटरफेस. वेग सेकंदाला ४०० मेगाबिट. फायरवायर उत्तम होती, पण विंडोजच्या लॅपटॉपात कुठली चिप आहे यावर सगळं अवलंबून. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची आहे का, हे विचारून लोक लॅपटॉप घेत. पुढे लॅपटॉपांतून ते पोर्टच गेलं आणि चांगले चालणारे इंटरफेस कपाटात गेले.

यूएसबी २.० एप्रिल २००० चीच होती, सेकंदाला ४८० मेगाबिट. पण त्या वेगाला शोभेल असं ऑडिओ क्लासचं दुसरं प्रमाणपत्रक यायला २००६ उजाडलं. ते ॲपलने स्वीकारलं, लिनक्सने स्वीकारलं. विंडोजने स्वतःचा ड्रायव्हर दिला तो २०१७ मध्ये, विंडोज १० च्या एका अपडेटमध्ये. अकरा वर्षं! या अकरा वर्षांत प्रत्येक कंपनीने विंडोजसाठी आपापला ड्रायव्हर लिहिला. म्हणजे तुमच्या डबीचं आयुष्य तिच्यातल्या सुट्या भागांवर नाही, कंपनीला नवीन विंडोजसाठी ड्रायव्हर लिहावासा वाटतो का, यावर ठरू लागलं. माझ्याकडे असा एक इंटरफेस आहे, कंपनीचं नाव घेत नाही. विंडोज बदललं आणि त्यांनी कळवलं की हे मॉडेल आता आमच्या यादीत नाही. तोच इंटरफेस लिनक्सच्या जुन्या लॅपटॉपला लावला, तर काहीही न घालता सुरू झाला आणि आजही चालतो. मग बिघडलं होतं ते नक्की काय?

म्हणून विकत घेताना एक शब्द विचारा : क्लास कम्प्लायंट आहे का? म्हणजे त्या सामाईक प्रमाणपत्रकानुसार, कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालतो का? अशा इंटरफेससाठी २०१० च्या आयपॅडने दार उघडलं, तेही कॅमेऱ्याचे फोटो उतरवायला म्हणून विकलेल्या जोडणीतून. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ ने फोनवर सोय केली. आज एखादी कीर्तनकार बाई फोनला इंटरफेस लावून कीर्तन थेट दाखवते, तेव्हा ती १९९८ च्या त्या कागदावर उभी असते.

आता विजेबद्दल. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात, इंटरफेसवर तसं बटण असतं. हा आकडा १९६६ चा, नॉर्वेचा. तिथल्या सरकारी रेडिओने नॉयमान कंपनीकडे मागणी केली की माइकला वीज त्याच्याच तारेतून मिळावी. त्यांच्या स्टुडिओत वीज गेल्यावरच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तोच आकडा ठरला. यूएसबी देते ५ व्होल्ट, आणि २.० च्या नियमाने ५०० मिलिअँपिअरपर्यंत. त्यातून डबीने ४८ व्होल्ट तयार करायचे, हेडफोन वाजवायचा आणि स्वतःही चालायचं. आता तुम्ही स्वस्तातला हब घेतलात, त्यावर माउस, पेनड्राइव्ह आणि फोनचं चार्जिंग लावलंत, तर माइक चालू करताक्षणी डबी बंद पडणारच. सरळ संगणकाच्या पोर्टात लावा, किंवा स्वतःचा ॲडाप्टर असलेला हब घ्या.

दुसरा शत्रू म्हणजे वीज वाचवणं. लॅपटॉपची बॅटरी टिकावी म्हणून विंडोज रिकामं दिसणारं यूएसबी पोर्ट झोपवतं आणि प्रोसेसरही मधेमधे डुलकी काढतो. टंकलेखनात कळत नाही, आवाजात कळतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते कुठला ड्रायव्हर रस्ता अडवतो आहे ते दाखवतं, आणि पुष्कळदा तो वायफायचा निघतो. कधी दोष त्याहूनही खाली असतो. २०२१ मध्ये एएमडीच्या ५०० मालिकेतल्या मदरबोर्डांवर यूएसबी मधेच तुटत होती. लोक महिनोन्‌महिने वायर बदलत बसले, इंटरफेस परत करत बसले. कंपनीने मान्य केलं आणि बायोसची दुरुस्ती दिली, तेव्हा कळलं.

कॅसेटी उतरवून घेणाऱ्यांना एक वेगळी विनंती आहे. जुनी टेप पुन्हा किती वेळा वाजेल हे सांगता येत नाही. काहींच्या बाबतीत ती एकदाच नीट वाजते आणि मग चिकटते. त्या एका फेरीत पिशवी फुटायला नको. म्हणून आधी तुम्हाला न लागणारी एखादी कॅसेट घ्या आणि अख्खी बाजू रेकॉर्ड करून ऐका. बफर १०२४ ठेवा, इथे उशिराशी काही घेणं नाही. वायफाय बंद. हब काढा. चार्जर लावल्यावर बारीक गुणगुण येत असेल तर ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची आहे, अर्थिंग तपासा, नाहीतर लॅपटॉप बॅटरीवर चालवा. 'टक्' आलंच, तर फाइलमध्ये ती जागा गाठा आणि तेवढा तुकडा पुन्हा वाजवून बघा. त्याच ठिकाणी पुन्हा आलं तर ते टेपमधलं किंवा फाइलमधलं आहे. जागा बदलली तर ते वाजवताना येतं आहे, आणि रेकॉर्डिंग बहुधा शाबूत आहे.

डबी आता मागच्या रांगेकडे देतो. प्रश्न असतील तर विचारा.